टाकी नेमकी कुठे आहे?

३ फेब्रुवारी, सोमवार

साडेसहाला उठले. चहा. आठला गाडी बाहेर काढली. शिंप्याच्या घरची टाकी उपसायची होती, ती झाली नाही, कारण टाकी सापडली नाही. एक वाजता परत. जेवण, कपडे. संध्याकाळी मागच्या दाराजवळचा कोरफडीचा डबा ओढत पलीकडे उन्हात नेला. आता तो कोणी परत ओढून आणणार नाही.

हे जाऊन आज एक्केचाळीस दिवस झाले. झोपेतच गेले. नणंद म्हणते, कोणाशी बोलत नाहीस तर निदान लिहून काढ. ही डायरी मला शाळेत वह्यांच्या दुकानदाराने दिली होती. ती मागच्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेला वार खोडून खरा वार लिहावा लागतो.

गाडी म्हणजे मैल्याची गाडी. घरोघरच्या संडासाच्या टाक्या उपसते. आमच्या भागात गटाराची लाइन नाही, घरं मात्र दर महिन्याला वाढतात. हे स्वतः चालवायचे. मदतीला रोज नवा माणूस, कारण दुसऱ्या दिवशी जुना यायचा नाही. मी शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाळेत कोणी विचारलं तर मी सांगायची, मिस्टरांचा वाहतुकीचा व्यवसाय आहे. ते खोटं नव्हतं.

शिंप्याच्या अंगणात सगळीकडे फरशी. त्याला विचारलं, टाकी कुठे? तो म्हणाला, “मला काय माहीत? साहेब यायचे, बरोबर तिथेच जायचे.” नव्या ड्रायव्हरने तीन फरश्या फोडल्या. खाली माती. मग तो घाम पुसत तिथल्याच एका डब्याच्या काठावर टेकला आणि म्हणाला, “वहिनी, ह्या घरात टाकीच नाही. ही माणसं जातच नसतील.”

शिंपी हसला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पालिकेची नोटीस पुन्हा वाचली. शहराबाहेर मैला प्रक्रिया केंद्र सुरू झालं आहे. आता कोणी नाल्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर गाडी सोडायची नाही. प्रत्येक भाग एका गाडीला मिळणार. घरातली टाकी तुंबेपर्यंत थांबायचं नाही, दर तीन वर्षांनी उपसायची. त्यासाठी भागातल्या सगळ्या घरांची यादी हवी, आणि प्रत्येक घराच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते आकृती काढून दाखवायचं. आमच्या भागात एकशे चाळीस घरं. मुदत २८ तारीख. यादी दिली नाही तर चार गाड्या असलेल्या दुसऱ्या मालकाला हा भाग जाईल आणि आमची गाडी विकावी लागेल.

ह्यांच्या डोक्यात सगळी यादी होती. कागदावर एक अक्षर नाही. मी एकतीस वर्षं लोकांच्या मुलांचे दाखले लिहिले, आणि माझ्याच घरात हा माणूस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

नवा ड्रायव्हर आधी पाण्याचा टँकर चालवायचा. तोंडाला खंड नाही. म्हणतो, “तेव्हा लोक गाडीमागे धावायचे, आता गाडी बघून धावतात. धावणं तेच, दिशा बदलली.” पाइप धरायला त्याने मेव्हण्याला आणलं आहे. हा बोलतो आणि मेव्हणा मान हलवतो. मला मेव्हण्याचं बरं वाटतं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या घरी गेलो. मी दारात घरातल्या माणसांची नोंद करत होते. मागून ड्रायव्हर ओरडला, “सापडली!” पंप सुरू झाला. थोड्या वेळाने परत ओरडला, “वहिनी, काय स्वच्छ घर आहे हो! वाससुद्धा नाही!”

मी धावत गेले. ती पिण्याच्या पाण्याची टाकी होती. जुन्या सवयीने त्याचा हात तिकडेच गेला होता.

दुपारभर ती टाकी घासली. तीन वेळा धुतली, औषध टाकलं, परत धुतली. ड्रायव्हरने जुन्या मित्राकडून चांगल्या पाण्याचा टँकर आणला. मित्राने त्याला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. मी घरच्या बाईंची माफी मागितली, तर त्या हात जोडून म्हणाल्या, “असू दे, असू दे, तुम्ही रागावू नका म्हणजे झालं.” चूक आमची, आणि त्याच मला रागावू नका म्हणतात. वर म्हणाल्या, “झाड आहे तस्संच आहे बघा.” आणि कोपऱ्यातल्या कोरफडीला तांब्याभर पाणी घातलं. घाबरलं की माणूस काहीही करतो.

खरी टाकी सापडली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

नणंद आली. गाडी धुऊन पुसून उभी होती, तरी नाकाला रुमाल.

“वहिनी, दादाची गोष्ट वेगळी होती. तुला कशाला हवंय हे? आमच्या ह्यांच्या ओळखीचा एक जण गाडी घ्यायला तयार आहे. देऊन टाक आणि मोकळी हो.”

“बघते.”

“बघते म्हणजे?”

“बघते म्हणजे बघते.”

“तुझ्याकडून दोन वाक्यं काढायची म्हणजे टाकी उपसण्यापेक्षा जड.” स्वतःच्या विनोदावर हसली, मग डोळे पुसले. तिचा तो एकच भाऊ. महिनाअखेर सांगते म्हटलं. मला तरी ही गाडी कुठे हवी आहे? फक्त यादी अर्धवट टाकवत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आतापर्यंत सतरा घरं, टाक्या चार. एक शिधावाटप दुकानदाराच्या पलंगाखाली निघाली, कारण आधी तिथे अंगण होतं. एक जिन्याखाली. एका घरी तर भाडेकरू म्हणाला मालकाला विचारा आणि मालक म्हणाला आधीच्या मालकाला विचारा. माणसं कर्ज काढून घर घेतात, नळाची तोटी दहा वेळा उघडून बघतात, पण केलेलं कुठे जातं हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

मला एक गोष्ट जाणवते. मी कुणाच्या दारात गेले की तिथली बाई लगबगीने आत जाते, तांब्या आणते आणि झाडाला पाणी घालू लागते. आज तीन घरी असं झालं. माझ्याशी काय बोलावं हे लोकांना सुचत नसेल. राग नाही. मलाही सुचत नाही. पण कोरफडीला इतकं पाणी घालू नये, मुळं कुजतात. कोणाला कशाला सांगा.

हल्ली सगळे कोरफडच लावतात असं दिसतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केंद्रावर पहिल्यांदा गेले. गाडीत ड्रायव्हर आणि मेव्हण्याच्या मध्ये बसून. साडीवर ह्यांचा जुना शर्ट घातला होता.

मी नाक धरायच्या तयारीने गेले होते. तिथे वाळूचे लांब लांब वाफे आहेत. गाडी एका टोकाला सोडतात, पाणी खाली झिरपून पुढच्या तळ्यात जातं, वर उरतं ते उन्हात सुकतं. शेवटच्या वाफ्यातला गाळ तिथलं काम बघणाऱ्या मॅडमनी माझ्या हातावर ठेवला. चहाच्या भुकटीसारखा कोरडा. वास नाही.

मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या. म्हणाल्या, “तुमचे मिस्टर केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हापासून यायचे. कंत्राटदाराच्या डोक्यावर बसायचे, वाफे कधी होणार म्हणून. मी विचारलं, काका, तुम्हाला एवढी घाई का? तर म्हणाले, आयुष्यभर नाल्यात सोडत आलो, आता पुरे.”

हे मला माहीत नव्हतं. ते कुठे सोडतात हे मी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. माझा नियम होता की घरी आल्यावर मागच्या दाराने यायचं, बाहेरच्या न्हाणीत अंघोळ करायची आणि कामाची गोष्ट उंबऱ्याच्या आत आणायची नाही. त्यांनी नियम पाळला.

१६ फेब्रुवारी, रविवार

नणंद गिऱ्हाइकाला घेऊन आली. गृहस्थ चांगले कपडे घातलेले. टायर बघितले, पंप बघितला, टाकी वाजवून बघितली.

ड्रायव्हरने सहज विचारलं, “कुठल्या भागात चालवणार?”

“छे, मला ह्या धंद्यात पडायचं नाही. पाण्याला लावणार. नव्या वसाहतींत पाण्याला मागणी आहे. आतून धुऊन घेतली की झालं.”

ड्रायव्हर मला बाजूला घेऊन म्हणाला, “वहिनी, मी दोन्ही गाड्या चालवल्यात. ही पाण्याला गेली तर मी ह्या शहरात पाणी पिणार नाही. मेव्हण्यालाही पिऊ देणार नाही.” मेव्हण्याने मान हलवली.

मी गृहस्थांना नाही म्हटलं. नणंद चिडली. “मग दुसरा आणते! पण महिनाअखेर, वहिनी. यादी झाली नाही तर ही गाडी दारात गंजत ठेवणार आहेस का?”

रात्री आकडा मोजला. बावन्न घरं, टाक्या अकरा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज इस्त्रीवाल्या आजींकडे गेलो. एकच खोली, पुढे टपरी, मध्ये दोन हात मोकळी जागा. आजी सत्तरीच्या. मला नीट निरखून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही त्या.”

“कोण त्या?”

“रागीट बाई.”

मी म्हटलं, मी कधी कोणावर रागावलेले नाही. ड्रायव्हरला हसू आवरेना, तो पाइपाकडे बघत बसला.

आजी म्हणाल्या, “तुमचे मिस्टर तो डबा ठेवून गेले ना, तेव्हा बजावून गेले. म्हणाले, आजी, हे माझ्या बायकोचं झाड आहे. तिने मोजून दिलंय. इथून एक बोट हललं तर ती मला घरात घेणार नाही. मी म्हटलं, अहो, माझ्या दारात जागा किती, त्यात तुमचा डबा. तर म्हणाले, आजी, तुमच्या हाती माझा संसार आहे. आता एवढं म्हटल्यावर कोण हलवतं? माझा जावई फरशी घालायला निघाला होता, त्यालाही मी डब्याभोवतीनेच घालायला लावली.”

मी डब्याकडे बघितलं. तेलाचा चौकोनी डबा, त्याला बाहेरून हिरवा रंग, वरच्या कडेला पांढरा पट्टा. तो रंग शाळेच्या बाकांचा. दर वर्षी थोडा उरायचा, मी घरी आणायची. असा शेवाळी हिरवा दुकानात मागूनही मिळत नाही. पट्टा डावीकडे जरा खाली उतरलेला. माझा हात तसाच चालतो.

मेव्हण्याने डबा उचलून बाजूला ठेवला. खाली झाकण होतं.

उपसून झाल्यावर त्याने डबा परत झाकणावर ठेवला आणि आजींनी बोटाने दाखवून दोनदा सरकवून घेतला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

वीस वर्षं माझे डबे नाहीसे होत होते. मी गच्चीवर कोरफडीची पिल्लं वेगळी करून लावायची, रंग द्यायची, महिन्या-दोन महिन्यांत एखादा गायब. विचारलं की हे म्हणायचे, मांजराने पाडला. त्या पिवळ्या मांजराला मी गच्चीवरून कितीदा हाकललं असेल, एकदा चप्पलही मारली. ते मांजर आता नाही, नाहीतर त्याची माफी मागितली असती.

सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला माहीत आहे. माझी झाडं संडासाच्या टाकीवर ठेवायची नाहीत, असंच म्हटलं असतं. उंबऱ्याचा नियम होताच.

सकाळी शिंप्याकडे परत गेलो. ड्रायव्हर त्या दिवशी ज्या डब्यावर टेकला होता, त्याच्याच खाली झाकण. ड्रायव्हर डोक्याला हात लावून म्हणाला, “वहिनी, मी टाकीवर बसून टाकी शोधत होतो!” ह्या वेळी शिंपीही हसला. तो हसल्यावर मी फोडलेल्या फरश्यांची गोष्ट काढली. त्या आम्हीच बसवून द्यायच्या ठरल्या.

घड्याळवाल्यांकडे पण तेच. त्या बाईंना सांगितलं, आता रागावत नाही, पण पाणी कमी घाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवसांत एकसष्ट टाक्या. ड्रायव्हर गल्लीत शिरतानाच खिडकीतून मान काढतो. “हिरवा डबा! डावीकडे! वहिनी, लिहा!” पोरं मागे लागतात, ड्रायव्हर म्हणतो बघा, परत लोक गाडीमागे धावायला लागले.

सगळीकडे डबा नाही. काही ठिकाणी गंजून गेला, एका घरी बकरीने कोरफड खाल्ल्यावर डबा टाकून दिला, एका बाईंनी उचलून देवासमोर ठेवला होता, कारण काय, तर तुमच्या मिस्टरांनी जपायला सांगितलेलं. तिथे सळईने ठोकून बघावं लागतं. भरीव जमीन ठक वाजते, टाकीवर आवाज खोल जातो. मेव्हण्याचा कान त्यात तयार झाला आहे. आज तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “इथे.” बरोबर होतं.

लोक मला आता ओळखतात. एका शिक्षिकेने विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, मैल्याची गाडी आहे आमची. ती म्हणाली, बरं झालं आलात, आमची भरली आहे. एवढंच. मला वाटायचं ते वाक्य बोलायला फार अवघड असेल.

घरी येताना मागच्या दाराने आले, बाहेरच्या न्हाणीत अंघोळ केली. पाणी गार होतं. ह्यांनी इतकी वर्षं हिवाळ्यातसुद्धा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताप. झोपून. नणंद मऊ भात घेऊन आली. यादी वाचत बसली आणि मधेच म्हणाली, “वहिनी, सोनाराचं घर राहिलंय. दादा म्हणायचा त्यांच्याकडे मागच्या बाजूला आहे.” मी बघत राहिले. म्हणाली, “काय? नाकाला रुमाल लावते म्हणून मला कानाने ऐकू येत नाही का?”

दुसरं गिऱ्हाईक आणणार होती, त्याचं काही बोलली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्रावर यादी दाखवायला नेली. एकशे एकोणचाळीस आकृत्या, पट्टीने रेषा मारून, प्रत्येक झाकण भिंतीपासून किती फुटांवर ते लिहून. मॅडम पानं उलटत गेल्या. म्हणाल्या, “त्या चार गाड्यांच्या मालकाने साठ घरांची दिली आहे. त्यातली निम्मी अंदाजपंचे.” मग परत पहिल्या पानावर येऊन थांबल्या.

“काकू, पहिली ओळ रिकामी का?”

पहिल्या ओळीवर छापलेलं आहे, अर्जदाराचे स्वतःचे घर.

“तुमची टाकी कुठे आहे?”

मला सांगता येईना. एकशे एकोणचाळीस घरी जाऊन विचारलं, टाकी कुठे आहे आणि माहीत कशी नाही? ड्रायव्हर बाहेर उभा होता, त्याने ऐकलं. येताना वाटभर एक शब्द बोलला नाही. त्याला ते किती जड गेलं असेल.

“उद्या बारापर्यंत भरून द्या,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर अर्ज अपूर्ण धरतील. माझ्या हातात नाही.”

घरी आल्यावर ड्रायव्हर आणि मेव्हण्याने सळई घेऊन पुढचं अंगण ठोकलं, बोळ ठोकला. ठक, ठक. अंधार पडायला आला तेव्हा त्यांना घरी पाठवलं. सकाळी बघू म्हटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सहाला उठले. चहा घेऊन मागच्या दारात बसले. ऊन अजून आलं नव्हतं.

मागच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर दोन ओरखडे आहेत, दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत, अर्धगोल. इतकी वर्षं ते मी रोज झाडले आणि कधी बघितले नाहीत. ते डब्याच्या तळाचे. सकाळी मी डबा ओढत उन्हात न्यायची, संध्याकाळी हे ओढत परत दाराजवळ आणायचे. मी म्हणायची, सावलीत झाड पिवळं पडतं, तुम्हाला समजत कसं नाही? हे म्हणायचे, असू दे इथेच, मला बरं वाटतं. मी म्हणायची, येता-जाता पायात येतो. ते म्हणायचे, येऊ दे. दुसऱ्या दिवशी परत तेच. आमचं भांडण म्हणजे एवढंच, पण रोजचं. शेजारी म्हणत, तुमचा डबा नोकरीला जातो आणि परत येतो.

ओरखडे दाराजवळ जिथे संपतात तिथे चौकोनी डाग आहे. सळई घेऊन त्यावर ठोकलं. आवाज खोल गेला.

पट्टी आणून मोजलं. दारापासून दोन फूट, बाजूच्या भिंतीपासून दीड. पहिली ओळ भरली. रेघ वाकडी आली. खोडली नाही.

साडेदहाला अर्ज दिला. मॅडमनी शिक्का मारला. ड्रायव्हरने सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं, “म्हणजे सोमवारी किती वाजता सुटायचं, वहिनी?” आठ म्हटलं. नणंदेला फोन करून सांगितलं, गाडी ठेवते आहे. ती म्हणाली, “मग आता दादाच्या शर्टाऐवजी अंगाला होईल असा काहीतरी शिवून घे,” आणि फोन ठेवला.

दुपारी झोपले नाही. गच्चीवर सात पिल्लं लावण्याजोगी झाली आहेत.

पाच वाजता मागच्या अंगणात गेले. कोरफडीचा डबा उन्हातून ओढायला सुरुवात केली. माझ्या अंदाजापेक्षा जड होता. दोनदा थांबले. दाराजवळ चौकोनी डागावर नीट बसवला, पट्टा समोर येईल असा फिरवला, आणि अर्धा तांब्या पाणी घातलं.